डाव्या कानाची खूण

माझा पासपोर्ट कुत्र्याच्या कागदांच्या कितीतरी आधी आला. ताई फोनवर हसून म्हणाल्या, "तुला काय, एक फोटो लागला. त्याला तर रक्त द्यावं लागणार आहे." ताई म्हणजे अक्कांची मुलगी. त्या आखातातल्या एका शहरात राहतात. आता मीही तिथेच आहे, आणि अकराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. खाली अजून बघवत नाही, म्हणून खिडकीकडे पाठ करून बसते.

मी चोपड्याच्या वरच्या अंगाची, सातपुड्याच्या पायथ्याची. शाळा सहावीत सुटली. नाल्यापलीकडे शाळा, अलीकडे शेळ्या, आणि घरात सगळ्यात मोठी मीच. जळगावला अक्कांकडे कामाला आले तेव्हा मला अक्षरं ओळखू यायची, वाचता येत नव्हतं. अक्का शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या. काचबिंदूने त्यांची नजर गेली होती. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्यांना रोज पेपर वाचून दाखवायला माणूस पाहिजे होतं, आणि घरात माणूस एकच, मी. अडखळले की त्या पलंगावरून म्हणायच्या, "परत." चिडून नाही, नुसतं "परत". कधी कधी एक बातमी चार वेळा. अडीच वर्षं असा पेपर वाचला म्हणून आज हे लिहिता येतंय. त्यांचे उपकार मोजायला बसले तर दुसरं काही लिहून होणार नाही.

कुत्रा मी यायच्या आधीपासून घरात होता. गावठीच, बदामी रंगाचा, पुढचा एक पाय घोट्यापर्यंत पांढरा. अक्कांचे मालक, म्हणजे आबा, यांनी आणलेला. आबा मी यायच्या आधीच्या वर्षी गेले होते. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं.

पण दुपारी तीनच्या सुमाराला घरात एक गोष्ट व्हायची. कुत्रा झोपेतून उठायचा, अंग झाडायचा, फाटकापाशी जाऊन उभा राहायचा. जळगावच्या उन्हात त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तो मात्र कोणी आल्यासारखी शेपूट हलवायचा आणि मग वळून हळूहळू आत यायचा. त्याची स्वतःची चाल तशी नव्हती. एरवी तो उड्या मारत यायचा. या वेळी मात्र म्हाताऱ्या माणसाच्या पायाला पाय लावून चालावं तसा, दोन पावलं टाकून थांबत, आबांच्या खुर्चीपर्यंत. तिथे बसायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, आबा तीनला बाहेरून यायचे, त्याला सवय आहे. मीही मग सवय म्हणूनच घेतलं. तरी तीनच्या आधी मी खुर्चीवरचे कपडे उचलून ठेवायला लागले. का, ते मला विचारू नका.

ताईंनी आईला घेऊन जायचं ठरवलं तेव्हा अक्का म्हणाल्या, हा नाही तर मी नाही. ताईंनी समजावून पाहिलं. अक्का शिक्षिका होत्या. त्यांचं "नाही" म्हणजे फळ्यावर लिहिलेलं असायचं. शेवटी ठरलं, आम्ही तिघं जायचं. घराचा सौदा झाला, चाव्या द्यायचा दिवस ठरला. उन्हाळा तापला की तिकडे जनावर विमानात घेत नाहीत, म्हणून एप्रिल संपायच्या आत निघायचं होतं. ते चुकलं तर कुत्रा राहणार, कुत्रा राहिला तर अक्का राहणार, आणि घर तर विकलेलं. हे सगळं माझ्या हातात आलं, कारण कागद जमवणारी मीच होते. मला कागदाची भीती वाटते. गॅस बंद केला का हे मी तीनदा बघते, तर कागदाचं काय सांगू.

मुंबईचा एक माणूस जनावरं परदेशी पाठवायचं काम करतो. ताईंनी त्याला गाठलं होतं. त्याने मोबाइलवर यादी पाठवली. आधी मानेपाशी कातडीखाली चिप, ओळखीचा आकडा असलेली. चिपनंतरच रेबीजची लस, आधी टोचलेली चालत नाही. मग महिन्याने रक्त काढून तपासायला पाठवायचं, लस अंगात भिनली का ते बघायला. मग तिकडच्या सरकारची परवानगी, मग तब्येतीचा दाखला, मग मुंबईतली तपासणी. आणि सगळ्यात आधी, जुनं लशीचं पुस्तक असेल तर त्याचे फोटो.

पुस्तक आबांच्या कपाटात सापडलं. निळं, वरून प्लॅस्टिक घातलेलं. पहिल्या पानावर कुत्र्याचं नाव, रंग बदामी, पुढचा उजवा पाय पांढरा, खूण: डावा कान टोकाला फाटलेला. पुढे नोंदी, पहिली चौदा वर्षांपूर्वीची, शेवटची आबा गेले त्या वर्षीची. प्रत्येक वर्षी लस, प्रत्येक नोंदीपुढे आबांची सही. शाई बदलत गेलेली, सही हळूहळू कापरी होत गेलेली.

मला फार आनंद झाला. आमच्याकडे कागद जितका जुना तितका खरा. वडिलांनी जंगलातल्या जमिनीचा दावा केला तेव्हा साहेबांनी जुना पुरावा मागितला होता. वडिलांकडे कधीकाळी वनखात्याने केलेल्या दंडाची पावती होती, चिंधीत बांधून ठेवलेली. ज्या कागदाची लाज वाटायची तोच कागद कामाला आला. तेव्हापासून आमच्या घरात कागद फाडत नाहीत. तर मी त्या पुस्तकाच्या एकूण एक पानाचा फोटो काढला, ऊन पडलं होतं त्या पायरीवर ठेवून, आणि सगळे मुंबईला पाठवले. चौदा वर्षांपूर्वीपासूनचे शिक्के! मला वाटलं, आता कोण अडवतंय.

चिप टोचायला धुळ्याला जावं लागलं. भाड्याची गाडी केली. एरंडोल गेलं, पारोळ्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली, तेव्हा ड्रायव्हर आरशातून कुत्र्याकडे बघत म्हणाला, "कुत्रं चाललं परदेशी, आन् आपण अजून पारोळ्यालेच." कुत्रा माझ्या मांडीवर डोकं ठेवून जागा होता.

धुळ्याचे डॉक्टर हसतमुख होते. आधी त्यांनी यंत्र फिरवून बघितलं, आधीची चिप नाही ना. मग टोचली. मग यंत्र परत फिरवलं, तर त्यावर पंधरा आकडे उमटले. मी ते वहीत उतरवले, परत ताडून पाहिले, परत एकदा. लस झाली. डॉक्टरांनी निळं पुस्तक चाळलं, कुत्र्याचा ओठ वर केला आणि म्हणाले, "चौदा वर्षांचा? अहो, असे दात या वयात माझेही राहायचे नाहीत." मी हसले. मला अभिमान वाटला, जणू काही दात मीच घासून देत होते. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही.

एकच गोष्ट तेव्हा लक्षात राहिली. सुई गेली तेव्हा कुत्रा हलला नाही, कण्हला नाही. माझ्या खांद्यावरून तो मागे कोणाकडे तरी बघत होता, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा. मी वळून पाहिलं. पांढरी भिंत होती.

महिन्याने रक्त काढलं, बर्फात घालून गेलं, अहवाल आला, चांगला आला. मार्च लागला. एका सकाळी मोबाइलवर परवानगीचा कागद आला, सगळा इंग्रजी. फोटो काढला की मराठी करून देणारी सोय मोबाइलमध्ये असते. मी ते करून एकेक ओळ वाचायला लागले. जात गावठी. रंग बदामी. वय चौदा वर्षे. ओळखीची खूण, डावा कान टोकाला फाटलेला.

कुत्रा समोर उन्हात पडला होता. मी त्याच्याकडे बघितलं. अडीच वर्षं मी त्याच कुत्र्याला अंघोळ घातली, गोचीड काढले, कानात औषध घातलं. त्याचे दोन्ही कान पिंपळाच्या पानासारखे अख्खे होते.

मी जवळ जाऊन कान धरला. उजवा, मग डावा. बोटाने कडेकडेने फिरवत गेले. कुठे काही नाही. मग मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चौदा वर्षांच्या कुत्र्याच्या मिशा पांढऱ्या होतात, डोळ्यांत निळसर जाळं येतं, हे मला माहीत आहे, मी गावात कुत्री म्हातारी होताना बघितली आहेत. हा चार वर्षांच्या वर नव्हता. मग अडीच वर्षांपूर्वी मी आले तेव्हा हा दीड वर्षांचा होता. मग त्या पुस्तकात कोण होतं?

मी अक्कांना विचारलं, याचा कान कधी फाटला होता का?

"तारेत," अक्का म्हणाल्या. "भडगावला आमचा मळा होता गिरणेच्या काठाला. तिथे काटेरी तारेतून निघताना फाटला. केवढं रक्त!" आणि त्यांनी हात लांब केला. कुत्रा लगेच उठून त्यांच्या हाताखाली आला. अक्कांनी डावा कान बोटांत धरला, अंगठा कडेवरून फिरवला आणि टोकाला येऊन थांबल्या. "ही काय," त्या म्हणाल्या, "ही खाच." त्यांचा अंगठा तिथे हलत होता, खाचेत नख घालून फिरवावं तसा. मी वाकून बघितलं. अंगठ्याखाली अख्खा कान होता.

मी निळं पुस्तक पुन्हा उघडलं, नोंदी कोणाच्या अक्षरात आहेत ते बघायला.

निळ्या पुस्तकातलं जुनं अक्षर ज्यांचं होतं ते नाना दोन गल्ल्या सोडून राहायचे. सरकारी दवाखान्यात होते, जन्मभर ढोरांना इंजेक्शनं दिलेली. आबांच्याच गावचे. मी पुस्तक घेऊन गेले. ते ओट्यावर दाढी करत बसले होते, आरसा खिडकीच्या गजाला टांगलेला. मी म्हटलं, नाना, हा कुत्रा तो नाही.

त्यांनी वस्तरा पुसला. "मंग? तो कसा राहीन? तो कधीचा मरी गया."

मग त्यांनी सगळं सांगितलं, दाढी अर्धी ठेवून. त्यांच्या गावात बैलजोडीतला एक बैल गेला की नव्या बैलाला जुन्याचंच नाव देतात. औताला हाक मारायची ती मोडायची नाही. आबांनी कुत्र्याचंही तेच केलं. पहिला कुत्रा मेला, तेव्हा मळ्यातल्या त्याच वंशातलं पिल्लू धरलं. ते मोठं होईपर्यंत मळ्यातच ठेवलं, आणि अक्कांना सांगितलं की आपला कुत्रा हवापालटाला मळ्यात आहे. अक्कांची नजर तेव्हा अंधुक झालेली. मोठा झाल्यावर घरी आणला. तेच नाव, तेच भांडं. दुसरा मेला तेव्हा तिसरा. तोवर अक्कांना काहीच दिसत नव्हतं. मी विचारलं, आणि पुस्तक? नाना म्हणाले, आबा तेच पुस्तक घेऊन यायचे, मी त्यात लिहायचो.

"तुम्हाला काही वाटलं नाही?"

"काय वाटीन? आबा म्हने, नाव मरत नही, जनावर मरस." मग ते आरशाकडे वळले, वस्तरा गालाला लावला आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "दुसरानाबी कान फाटेल व्हता. डावाच. त्याच तारमा. याना अजून नही फाटना का?"

मी पुस्तक छातीशी धरून घरी आले. रस्ताभर ते शेवटचं वाक्य मागे चालत होतं.

आता काय करायचं? मुंबईवाल्याने सांगून ठेवलं होतं, विमानतळावर कागद आणि जनावर समोरासमोर ठेवून बघतात. चिप याचीच, रक्त याचंच, पण वय आणि खूण मेलेल्याची. खरं सांगावं तर सगळं नव्याने, आणि हातात महिना-सव्वा महिना. मुख्य म्हणजे अक्कांना सांगावं लागणार. त्यांनी "हा नाही तर मी नाही" म्हटलं होतं ते कोणासाठी? चौदा वर्षांच्या सोबत्यासाठी. तो नाहीच म्हटल्यावर त्या कोणासाठी निघणार? आणि हे सगळं झालं कशाने, तर मी पानन् पान पाठवलं म्हणून.

पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. आमच्याकडे शेळीच्या कानाला खाच पाडतात, कळपात आपली ओळखू यावी म्हणून. वडील शेळी धरायचे आणि कात्री मी चालवायचे. माझा हात हलका आहे म्हणायचे. एक टिचकी, थोडी हळद, संध्याकाळपर्यंत शेळी विसरलेली असते. दोन दिवस ते माझ्या मनात येत राहिलं. कान फाटला की कागद खरा होणार होता. वय कोण बघतंय? कानच बघतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का झोपल्यावर मी कात्री गरम पाण्यात धुतली. वाटीत हळद घेतली. मागच्या खोलीत गेले. कुत्र्याला हाक मारली नव्हती. तो आपला आपण आला. माझ्यासमोर बसला आणि मान तिरकी करून डावा कान पुढे केला.

शेळीला दोघांनी धरावं लागतं. जनावर कात्री बघून मागे सरतं, कितीही गरीब असलं तरी. हा बसून राहिला, वाट बघत. डोळे माझ्याकडे नव्हते, माझ्या खांद्यावरून मागे होते, धुळ्याला होते तसेच. त्याची शेपूट फरशीवर हलकेच आपटत होती. मला वाटलं, याला माहीत आहे. याच्या आधीच्या दोघांनी दिला तसा हाही द्यायला आलाय. आणि मला हेही वाटलं की माझ्या मागे कोणीतरी हे होण्याची वाट बघतंय, आणि त्याला माझ्यावर राग नाही. त्या राग नसण्याची मला जास्त भीती वाटली. मी कात्री खाली ठेवली. उठताना वाटीला पाय लागून हळद सांडली. अजून त्या फरशीच्या फटीत पिवळं असेल.

तिथूनच मी ताईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, कात्रीसकट. ताईंनाही हे ठाऊक नव्हतं. सुट्टीत यायच्या तेव्हा कुत्रा कधी मळ्यात असायचा, कधी घरी. त्या म्हणाल्या, "तू कान कापला असतास आणि मला कधी कळलंही नसतं. बरं झालं सांगितलंस." मी रडले. मला वाटलं होतं त्या म्हणतील, तुझं तिकीट रद्द.

मुंबईवाला चिडला, पण वाट काढली. धुळ्याच्या डॉक्टरांकडून नवीन पुस्तक, वयाचा दाखला, आणि मालकिणीचं प्रतिज्ञापत्र, की जुन्या नोंदी आधीच्या मेलेल्या जनावरांच्या आहेत. ते आलं की तो परवानगी आणि अहवाल दुरुस्त करून घेणार होता. मालकीण म्हणजे अक्का. ताई म्हणाल्या, मी फोनवर सांगते. मी म्हटलं, नको. फोन ठेवला की त्या एकट्या राहतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखा पेपर वाचला. भाव वाचले, हवामान वाचलं. मग पेपर मिटला नाही, त्यावरच प्रतिज्ञापत्राचा मसुदा ठेवला आणि त्याच आवाजात पुढे वाचत गेले. मी, खाली सही करणारी, असे लिहून देते की माझ्याकडे यापूर्वी असलेले दोन कुत्रे मृत झाले असून जुन्या पुस्तिकेतील नोंदी त्यांच्या आहेत. सध्याचा कुत्रा अंदाजे चार वर्षांचा असून त्याचे दोन्ही कान अखंड आहेत.

"हे कुठल्या पानावर आहे?" अक्कांनी विचारलं.

"पेपरात नाही, अक्का. हे तुमचं आहे."

अक्का पलंगावर सरळ बसल्या. मग म्हणाल्या, "परत."

मी परत वाचलं. एकही शब्द अडखळला नाही.

"परत."

तिसऱ्यांदा मी 'मृत झाले असून' इथपर्यंत आले. त्यांनी हात वर केला, बस झालं म्हणून. कुत्रा पलंगाखाली होता. तो बाहेर आला नाही.

मी नानांकडून ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. पहिला कधी, दुसरा कधी, कुठे पुरले. गिरणेच्या काठाला, बांधावरच्या निंबाखाली, दोघंही. अक्का फक्त एवढंच म्हणाल्या, "मधे एकदा त्याचा वास बदलला होता. मला वाटलं, माझंच नाक म्हातारं झालं." मग म्हणाल्या, "पाणी काढ. डोक्यावरून घेते."

मरणाची बातमी उशिरा कळली तरी आपल्यात अंघोळ करतात. मी पाणी काढलं. अंघोळ करून, अंग पुसून, लुगडं नेसून त्या मोरीच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता परत काढ." मला कळेना. "दोन आहेत ना," त्या म्हणाल्या.

दोन दिवस त्यांनी कुत्र्याला हात लावला नाही. तोही जवळ गेला नाही. दारात बसून त्यांच्याकडे बघायचा, पाव्हण्यासारखा. आणि त्या दोन्ही दिवशी तीनला तो उठला नाही. घड्याळात तीन वाजून गेले, सव्वातीन झाले, कूलर घरघरत होता, आणि तो झोपलेलाच. मी फाटकाकडे बघत उभी राहिले. कडी आपोआप किंचित हलली, वाऱ्याने हलते तशी. वारा नव्हता असं मी म्हणणार नाही. मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी हात लांब केला. "ये रे," म्हणाल्या, नाव न घेता. तो आला. त्यांनी त्याला पहिल्यापासून चाचपलं, नवीन भांडं घेताना बघतो तसं. नाक, दात, गळा, पायाचे पंजे, मग कान. डाव्या कानाच्या टोकाला अंगठा आला आणि थांबला.

"कान तर अख्खा शे," अक्का म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी शाळेतलीच भाषा बोलल्या होत्या. ते तेवढं एक वाक्य घरच्या बोलीत निघालं.

मग विचारलं, कागद कुठे आहे. मी त्यांच्या हाताखाली फूटपट्टी धरली, त्यांनी पट्टीच्या कडेने सही केली, सरळ, ठळक. धुळ्याच्या डॉक्टरांचा फोन आला, नवीन पुस्तकात नाव काय लिहू. मला वाटलं, आता तरी वेगळं सांगतील. अक्का म्हणाल्या, "तेच लिहा. ते तिघांचं आहे."

दुरुस्त कागद निघायच्या चार दिवस आधी आले. मुंबईला मालाच्या शेडमध्ये एका बाईंनी यंत्र फिरवलं, पंधरा आकडे वाचले, मी मनात वहीतले म्हणत होते, शेवटचा जुळेपर्यंत. मग त्यांनी त्याचे दोन्ही कान वर करून बघितले, कागदाकडे बघितलं, शिक्का मारला. इतका वेळ मी केलेल्या सगळ्या चुका एका शिक्क्याखाली गेल्या. मी त्या बाईंना वाकून नमस्कार केला. त्या घाबरल्याच.

इथे येऊन आता पाच महिने झाले. अक्का बऱ्या आहेत. ताईंच्या मुलांना श्लोक शिकवतात आणि चुकले की "परत" म्हणतात. कुत्रा कुत्र्यासारखा झालाय. लिफ्टला भुंकतो, कुकरच्या शिट्टीला घाबरून टेबलाखाली जातो, ताईंची एक चप्पल खाऊन झाली. दुपारी तीनला ढाराढूर झोपलेला असतो. मला वाटतं, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

पण संध्याकाळच्या चहाला अक्का त्याला नावाने हाक मारतात. तो धावत येतो, त्यांच्या गुडघ्यापाशी बसतो. त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. मग हात जरा उजवीकडे नेतात, तिथे नुसती हवा आहे, आणि त्या हवेवरून तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच मायेने हात फिरवतात. मग आणखी थोडा उजवीकडे. तिथे त्यांचा अंगठा एका जागी थांबतो आणि हळूच हलतो, खाचेत हलावा तसा. कुत्रा त्या बाजूला सरकत नाही. जागा सोडून बसतो.

मी चहा ठेवते आणि आत येते. पहिल्या आठवड्यात मी फाइल काढून सगळे कागद पुन्हा एकदा तपासले. परवानगी, अहवाल, दाखला, विमानाची पावती. सगळीकडे लिहिलंय, जनावरांची संख्या एक.